गिटारच्या ब्रिजचे स्क्रू हाताला बोचतात? ग्रब स्क्रूचा सेट टाकून बघितला, त्याचा रिव्ह्यू

पाम म्यूट (तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून आवाज दाबणं) वाजवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. अर्धा तास रिफ वाजवला की करंगळीखालच्या मांसावर दोन लाल गोल उमटतात, कुणीतरी शिक्का मारल्यासारखे. माझ्या स्ट्रॅट टाइप (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या) गिटारला सॅडल, म्हणजे ब्रिजवर ज्यावर तार टेकते तो तुकडा, वरखाली करायचे जे बारीक स्क्रू आहेत ना, ते सॅडलच्या वर चांगले दोन ते चार मिलिमीटर आलेले होते. ग्रब स्क्रू म्हणतात त्यांना, म्हणजे डोकं नसलेला स्क्रू, आणि ज्याला डोकंच नाही त्यानेच नेमकं डोकं वर काढायचं!

मला आधी वाटलं माझा हातच चुकीचा पडतोय. तसं काही नाही. १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हापासून मांडणी हीच आहे, सहा सॅडल, प्रत्येकाला दोन स्क्रू, एकूण १२. फ्रेटबोर्डला (दांड्यावरची, बोटं दाबायची पट्टी) गोलाई असते म्हणून मधल्या तारा उंच आणि कडेच्या दोन, म्हणजे जाड ई आणि बारीक ई, खाली, त्यामुळे दोन्ही ई तारांचे सॅडल सगळ्यात जास्त खाली बसतात. माझ्या गिटारला कंपनीने बाराही स्क्रू एकाच लांबीचे दिलेले, १० मिमी. मग सॅडल जेवढा खाली जाणार तेवढा स्क्रू वर येणार, आणि ॲक्शन (फ्रेटबोर्डपासून तारांची उंची) कमी ठेवायची हौस असेल तर अजूनच. त्यात जाड ई वरच हात टेकायचा असतो, म्हणजे बरोबर जिथे काटे तिथेच बूड.

नवीन सेट मागवायच्या आधी मी एक गाढवपणा केला, तो तुम्ही करू नका. एक स्क्रू जागेवरच कानशीने घासायला घेतला. लोखंडाचा कीस उडाला आणि थेट पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणारा भाग) चुंबकाला जाऊन चिकटला, तो चिकटपट्टीने टिपून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. वर स्क्रूच्या कडेला जी धार राहिली ती आधीपेक्षा जास्त बोचायला लागली आणि ॲलन कीचा (षटकोनी चावीचा) खड्डा निम्मा गेला तो वेगळाच. घासायचाच असेल तर स्क्रू बाहेर काढून, गिटारपासून लांब बसून घासा.

तर सेटबद्दल. स्टेनलेस स्टीलचे एम-३ (३ मिमी व्यासाचे) ग्रब स्क्रू, ६, ८ आणि १० मिमी, प्रत्येकी १२ नग आणि सोबत एक १.५ मिमीची ॲलन की. आटे एकदम स्वच्छ आहेत, पहिल्या वळशापासून बोटाने फिरतात. वरची कडही किंचित गोल केलेली आहे, जुन्यांना तीच कापल्यासारखी होती. घामाने जुने काळे स्क्रू गंजलेले होते, हे स्टेनलेस असल्यामुळे ती काळजी कमी. एका स्क्रूचा षटकोनी खड्डा मात्र अर्धवटच पाडलेला निघाला, की आत जाईचना. जास्तीचे होते म्हणून भागलं. आणि ती सोबतची की, ती सरळ फेकून द्या, इतकी मऊ आहे की चौथ्या स्क्रूपर्यंत तिची टोकं गोल झाली. चांगली की नसेल तर हे काम सुरूच करू नका, खड्डा एकदा गोल झाला की स्क्रू काढताना रडाल.

मागवायच्या आधी आटे कुठले ते बघाच. सगळ्या गिटारना एम-३ चालत नाही. अमेरिकन बनावटीच्या फेंडरवर बहुतेक इंचाच्या मापाचे ४-४० आटे असतात, त्यांना की ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमी लागते. दिसायला दोन्ही स्क्रू सारखेच, पण ४-४० चा व्यास २.८४ मिमी आहे, त्यात ३ मिमीचा स्क्रू घालायला गेलात तर एखादा वळसा जाऊन तो अडकेल, आणि जोर लावलात तर सॅडलचे आटे मेले समजा. तुमच्या स्क्रूत १.५ ची की घट्ट बसत असेल तर बहुतेक मेट्रिकच आहे.

लांबीचा हिशोब सोपा आहे. स्क्रू सॅडलच्या वर किती आलाय ते व्हर्नियरने मोजायचं आणि एकूण लांबीतून वजा करायचं. माझ्याकडे बारीक ई ला ३.९ आणि जाड ई ला ३.४ निघाले, म्हणून दोन्हीकडे ६ मिमीचे टाकले. मधल्या चार तारांना दोन-अडीच होते, तिथे ८ चे. सहाचा स्क्रू जाड ई ला जरा आत बुडतो, पण माझे सॅडल ठोकळ्यासारखे जाड आहेत म्हणून धरायला भरपूर आटे मिळतात. वाकवलेल्या पत्र्याचे पातळ सॅडल असतील तर इतका आत बुडवू नका, एक-दोन आट्यांवर लटकलेला स्क्रू हलतो आणि खणखणतो.

बदलताना एका वेळी एकच तार ढिली केली. ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलणारा) असेल तर सगळ्या तारा एकदम सोडू नका, मागच्या स्प्रिंगा ब्रिजला ओढून घेतात आणि मग सगळं परत जुळवत बसा. सतराव्या फ्रेटवर प्रत्येक तारेची उंची आधी लिहून ठेवली होती, त्यामुळे ॲक्शन परत लावणं जड गेलं नाही. एम-३ चा एक पूर्ण वळसा म्हणजे अर्धा मिलिमीटर, पाव पाव वळशाने जायचं.

अजून एक, सगळेच सॅडल पार तळाला टेकलेले असतील आणि तरी ॲक्शन उंच वाटत असेल तर दोष स्क्रूचा नाही, नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, कोनाचा आहे. नेकच्या खोबणीत ब्रिजकडच्या टोकाला पातळ पाचर घातली की सॅडल वर घ्यावे लागतात आणि लांब स्क्रू आपोआप आत जातात. तिथे हा सेट घेऊन काही उपयोग नाही.

आवाजात फरक? मला तरी शून्य ऐकू आला. हाताला मात्र पहिल्याच दिवशी जाणवला, दीड तास वाजवूनही शिक्के नाहीत. फक्त ए ची मोकळी तार झणझणायला लागली होती, मला वाटलं स्क्रूच खराब आलाय. बघितलं तर त्या सॅडलचा एकच पाय, म्हणजे एकच स्क्रू, टेकलेला, दुसरा अधांतरी. पाव वळसा दिला, गप्प झाली. पाचपैकी चार स्टार, एक त्या कीमुळे कापला.