ईव्ह ऑनलाइन : खेळते भांडवल आणि बुडीत खाते

आइसलँडमधील सीसीपी गेम्स या कंपनीने ६ मे २००३ रोजी खुला केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अवकाशयानांचा संगणकीय खेळ मी दोनदा अर्धवट सोडला आणि तिसऱ्या खेपेस त्यात रमलो. तिन्ही खेपांत खेळ तोच होता, संगणक तोच होता आणि माझे हातही तितकेच मंद होते. यानाची किंमत वहीच्या कोणत्या रकान्यात मांडायची, एवढेच काय ते बदलले. पण ते उमगायला मला जवळपास दीड वर्ष लागले.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगतो. न्यू ईडन नावाच्या अवकाशात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत आणि चीनमधील स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरातील सर्व खेळाडू त्या एकाच अवकाशात वावरतात. आपण विकत घेतलेले यान बहुतेक वेळा कोणा खेळाडूनेच बांधलेले असते, त्याला लागलेले खनिज दुसऱ्या कोणी खोदलेले असते आणि ते यान फोडणाराही बहुधा तिसरा खेळाडूच असतो. कौशल्ये वाढवण्यासाठी येथे राक्षस मारत बसावे लागत नाही. ती रांगेत लावून ठेवायची, मग आपण कचेरीत असू वा झोपेत, ती घड्याळाच्या काट्याबरोबर वाढत राहतात. नोव्हेंबर २०१६पासून ‘अल्फा’ या नावाने हा खेळ विनामूल्य खेळता येतो. सर्व कौशल्ये खुली हवी असल्यास ‘ओमेगा’ची वर्गणी भरावी लागते, जी २०२२मध्ये दरमहा १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलरवर गेली.

प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा एक अंक असतो. १.० ते ०.५ हा ‘हायसेक’ प्रदेश, ०.४ ते ०.१ हा ‘लोसेक’ आणि शून्य व त्याखालचा ‘नलसेक’. हायसेकमध्ये कॉन्कॉर्ड नावाचे पोलीसदल आहे, हे वाचून नवा खेळाडू निर्धास्त होतो आणि तेथेच फसतो, कारण कॉन्कॉर्ड गुन्हेगाराला शिक्षा हमखास करते, पण ज्याच्यावर हल्ला झाला त्याला वाचवतेच असे नाही. पंचनामा चोख होतो. मात्र तोवर आपण कवचासारख्या एका छोट्या कुपीत बसून स्वतःच्याच यानाचे तुकडे पाहत असतो.

माझ्या पहिल्या खेपेचा शेवट अगदी असाच झाला. दोन महिने ‘व्हेंचर’ या लहान यानातून खनिज खोदून जमवलेली सगळी पुंजी मी एका मालवाहू यानात भरली, स्वयंचालन सुरू केले आणि चहा टाकायला उठलो. स्वयंचालन यानाला गेटपासून, म्हणजे पुढच्या सूर्यमालेत नेणाऱ्या दारापासून, बऱ्याच अंतरावर आणून सोडते आणि तेथून ते बैलगाडीच्या गतीने पुढे सरकते, हे मला ठाऊक नव्हते. वाटेतली उएडामा ही सूर्यमाला अशा वाटमारीसाठी कुप्रसिद्ध आहे, हेही ठाऊक नव्हते. स्वस्तातल्या काही यानांनी मिळून माझे यान फोडले, कॉन्कॉर्डने त्या सर्वांना नष्ट केले आणि त्यांच्या साथीदाराने उरलेला माल शांतपणे उचलून नेला. त्यांचा खर्च माझ्या मालाच्या किमतीपुढे नगण्य होता. म्हणजे त्यांनी हिशेब आधी केला होता आणि मी केला नव्हता. मी खेळ काढून टाकला.

दुसऱ्या खेपेस मी नेमका उलटा वागलो. स्थानकाच्या आसपासच राहायचे, एजंट, म्हणजे खेळातलेच संगणकी पात्र, देईल ती सोपी कामे करायची आणि महागडे यान शक्यतो गोदीतच ठेवायचे. अशा रीतीने काहीच बुडाले नाही, पण काही घडलेही नाही. या खेळातील एजंटांची कामे तोंडपाठ व्हावीत इतकी ठरावीक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ त्यांच्यासाठी हा खेळ घेऊ पाहणाऱ्याने दुसरे काहीतरी निवडावे.

तिसऱ्या खेपेस एका जुन्या खेळाडूने सांगितले की यान घ्यायचेच तर एक घेऊ नकोस, दहा घे. सल्ला विचित्र वाटला, तरी मी जिताला गेलो. जिता ही न्यू ईडनची घाऊक बाजारपेठ आहे, आणि तेथील गप्पांच्या खिडकीत ‘पैसे पाठवा, दुप्पट करून परत देतो’ अशा जाहिराती अखंड वाहत असतात. खेळातल्या चलनापुरती अशी लबाडी नियमांत बसते. खऱ्या पैशांनी खेळातला माल बाहेरून विकत घेणे मात्र बसत नाही. त्या गर्दीतून मी ‘हेरॉन’ जातीची दहा छोटी शोधयाने, त्यांची सगळी सामग्री आणि सुटे भाग एकदम घेतले आणि त्याच दिवशी ती दहाही याने मनातल्या मनात बुडीत खात्यात टाकली. दुकानदार ज्याला खेळते भांडवल म्हणतो ते हेच, आणि माझा खेळ खऱ्या अर्थाने त्या संध्याकाळी सुरू झाला.

हेरॉन घेऊन नलसेकमध्ये जाणे हा अनुभव विस्ताराने सांगण्याजोगा आहे. गेटमधून पलीकडे गेल्यावर सर्वप्रथम पाहायची ती ‘लोकल’ची यादी, जिच्यात त्या सूर्यमालेतील प्रत्येक खेळाडूचे नाव दिसते. यादीत आपण एकटेच असलो, तर शोधक कुप्या सोडायच्या, त्या हळूहळू एका बिंदूवर आणून जुन्या अवशेषांची जागा शोधायची, तेथे पोहोचून पेटीला जोडून घ्यायचे आणि कुलूप उघडण्याचे छोटे कोडे सोडवायचे. कोडे अवघड नसते. कोडे सोडवताना कोडे सोडून बाकी सर्वत्र लक्ष ठेवणे अवघड असते. एक डोळा लोकलवर, दर काही क्षणांनी आसपासची याने दाखवणाऱ्या दिशादर्शक स्कॅनवर एक टिचकी, आणि तेवढ्यात यादीत एक अनोळखी नाव उमटले की हात थबकतो. तो केवळ वाटसरू असेल का? पेटीत आणखी दोन खणांचा माल आहे. थांबावे की निघावे? असा श्वास रोखून धरलेला अर्धा मिनिट मला इतर कोणत्याही खेळाने दिलेला नाही, आणि तो मिळतो याचे कारण एकच, की येथे गमावलेली वस्तू परत मिळत नाही. मेल्यावर जुना टप्पा पुन्हा उघडून देणाऱ्या खेळात तेच कोडे निव्वळ कंटाळवाणे ठरेल.

वर्महोलमध्ये, म्हणजे गेटऐवजी अवकाशातल्या तात्पुरत्या विवरांतून गाठायच्या सूर्यमालांत, तर लोकलचाही आधार नसतो. मार्च २००९मध्ये खेळात आलेल्या त्या सुमारे अडीच हजार सूर्यमालांत, जो स्वतःहून बोलत नाही त्याचे नाव यादीत दिसतच नाही. माझे तिसरे हेरॉन तेथेच गेले. ज्याने ते फोडले त्याचा लगेच संदेश आला. तो शिवीगाळीचा असेल या समजुतीने मी उघडला, तर त्यात माझ्या चुकांची सविस्तर यादी होती: पेटीपाशी स्थिर उभा होतास, फिरत राहायला हवे होतेस, शेवटचा स्कॅन करून फार वेळ झाला होता, अदृश्य होण्याचे यंत्र बसवले होतेस, पण वेळेवर वापरले नाहीस. खाली थोडेसे चलनही पाठवले होते. लुटणाऱ्याने शिकवणी घ्यावी, ही या समाजातील अपवादात्मक गोष्ट नव्हे, हे पुढे वारंवार प्रत्ययास आले.

शिकण्याची अधिक रीतसर सोयही आहे. २००४पासून चालू असलेले ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ हे खेळाडूंचे कॉर्पोरेशन नवख्यांना वर्ग घेऊन शिकवते आणि त्यांचा माहितीकोश कोणालाही वाचता येतो. खेळातील प्राथमिक प्रशिक्षण पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले असले, तरी ते यान चालवायला शिकवते. भोवतालची माणसे वाचायला ते शिकवू शकत नाही, आणि ईव्हमध्ये खरी कसोटी तीच आहे.

हिशेबाचा हा धागा लहान यानापासून साम्राज्यांपर्यंत जातो. २७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी या सूर्यमालेत जे प्रसिद्ध युद्ध पेटले, त्याचे निमित्त एवढेच होते की त्या सूर्यमालेवरील ताब्यासाठी भरायचा हप्ता राहून गेला. सुमारे २१ तास चाललेल्या त्या लढाईत हजारो खेळाडू उतरले, ‘टायटन’ वर्गातील ७५ महाकाय याने नष्ट झाली आणि नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या घरात गेला. गर्दीमुळे सर्व्हर कोसळू नये म्हणून अशा वेळी खेळातील काळच मंदावतो, अगदी मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. जगाच्या इतिहासात हप्ता चुकल्याने एवढी जहाजे बुडाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

भारतातून खेळणाऱ्यास सर्व्हर लंडनला असल्याची धास्ती वाटण्याचे कारण नाही. खेळाचा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो, त्यामुळे नेमबाजीच्या खेळात रडवणारा दूरच्या जोडणीचा विलंब येथे सहसा जाणवत नाही. अडचण आहे ती वेळेची. रोजची देखभाल जागतिक प्रमाणवेळेनुसार (यूटीसी) ११ वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला होते, ती काही फार नडत नाही. पण युरोपीय खेळाडूंच्या मोहिमा ऐन रंगात येतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाणाऱ्याने याचा विचार आधीच करावा.

दोषांत सर्वांत वरचा क्रमांक खिडक्यांचा लागतो. पडद्यावर एकावर एक इतक्या खिडक्या उघडतात की अवकाश दिसायला जागा उरत नाही, आणि आपल्या सोयीची मांडणी करण्यात माझे पहिले दोन रविवार गेले. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ‘प्लेक्स’ नावाची वस्तू खऱ्या पैशांनी घेऊन खेळातल्या बाजारात विकता येते, आणि २०१६पासून कौशल्यगुणही बाजारात मिळू लागले आहेत. यामुळे जिंकणे विकत मिळते असे मी म्हणणार नाही, कारण अडाणी माणसाचे महागडे यान सर्वांत आधी फुटते. परंतु एकदा का रुपये मोजून इस्क, म्हणजे खेळातले चलन, घेतले, की प्रत्येक यानावर रुपयांतली किंमत दिसू लागते आणि ते यान गोदीतून बाहेर काढवत नाही. म्हणून पहिले सहा महिने प्लेक्सला हात लावू नये, अल्फावरच राहावे आणि जे कमावले त्यातूनच बुडवावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. वर्गणी भरायचीच असेल, तर पाच-सहा याने गमावल्यानंतर भरावी.

दहापैकी तीन हेरॉन सध्या शिल्लक आहेत. मागील आठवड्यात एका अवशेषस्थळी मिळालेल्या मालातून आणखी वीस येतील, असा माझा अंदाज आहे. तो माल मात्र अजून नलसेकमधल्या एका स्थानकात पडून आहे, आणि जितापर्यंतच्या वाटेत एकोणीस गेट आहेत.