अ‍ॅनापोलिसची पायी सहल : राजीनाम्याला अर्धा तास, तिजोरीला दोन मिनिटं

मुलगा मेरीलँडला असतो. यंदा गेलो तेव्हा सूनबाईंनी त्या राज्याची राजधानी असलेल्या अ‍ॅनापोलिसच्या वॉकिंग टूरचं बुकिंग केलं. दोन तास, माणशी पंचवीस डॉलर. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाइड पोरगा गोड होता, माझी तक्रार त्याच्या पाठांतराबद्दल आहे.

तीनकोनी टोपी, गुडघ्यापर्यंत विजार, पायात मात्र स्पोर्ट्‌स शूज. आधी त्याने स्टेट हाउसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत नेलं. तिथे प्रवेश फुकट, फक्त फोटोचं ओळखपत्र लागतं. मी पासपोर्ट नेला होता. जुन्या सिनेट दालनात वॉशिंग्टनचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. २३ डिसेंबर १७८३ ला त्याने सेनापतिपद इथेच सोडलं. वर सज्जात मॉली रिडाउट या बाईचा पुतळा, खाली वाकून बघणारा. दालन सुंदर ठेवलंय. पण राजीनाम्यावर अर्धा तास!

तेव्हा तेरा राज्यांची काँग्रेस, म्हणजे सामाईक प्रतिनिधी सभा, याच इमारतीत भरत होती. त्याच काळात तिथे काय पेच पडला होता, ते कळायला गाइडला खोदून विचारावं लागलं. स्वातंत्र्ययुद्ध संपवणारा ब्रिटनबरोबरचा तह मंजूर करायला तेरापैकी नऊ राज्यांची संमती हवी आणि डिसेंबरात हजर सातच. सहा महिन्यांची मुदत ३ मार्चला संपणार. शेवटी कनेक्टिकटचे प्रतिनिधी आले, साउथ कॅरोलायनाचा रिचर्ड बेरेसफर्ड फिलाडेल्फियातून आजारपणातून उठून आला, तेव्हा कुठे १४ जानेवारी १७८४ ला मंजुरी मिळाली. कागद युरोपात वेळेत पोचले नाहीतच, ब्रिटिशांनी चालवून घेतलं.

मी पुण्यात सहा इमारतींच्या फेडरेशनचा आठ वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे मला हसू आवरेना. आमच्याकडे कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून तिथेच पुन्हा घेता येते. यांना तीही सोय नाही.

काँग्रेस आणि राज्यं यांच्यात अधिकारांची आणि पैशांची वाटणी कशी होती, तेही पोराने भरभर उरकलं. खरं तर सगळी मजा तिथेच होती. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे आजच्या राज्यघटनेआधीचा तेरा राज्यांचा करारनामा, त्याप्रमाणे युद्ध, तह, राजदूत, टपाल, वजनंमापं काँग्रेसकडे. दुसऱ्याच कलमात मात्र लिहून ठेवलंय की प्रत्येक राज्य सार्वभौम, आणि स्पष्ट शब्दांत दिलेलं तेवढंच काँग्रेसचं. राज्य लहान असो वा मोठं, मत एकच. काँग्रेसच्या कामासाठी राज्याने उभ्या केलेल्या फौजेतले कर्नलपर्यंतचे अधिकारीसुद्धा राज्यच नेमणार. आणि कर? तो बसवायचा अधिकार काँग्रेसला नाहीच. जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात वर्गणी मागायची, राज्यांनी कर बसवून ती द्यायची. न देणाऱ्याचं काय करायचं, यावर कलमं गप्प. आमची 'सी' इमारत तीन वर्षं लिफ्टच्या खर्चाचा वाटा देत नव्हती, तेव्हा मीही नोटिसा पाठवण्यापलीकडे काही करू शकलो नव्हतो.

बरं, कलम बदलायचं तर तेराही राज्यं राजी हवीत. आयातीवर पाच टक्के जकात बसवू द्या, एवढं काँग्रेसने १७८१ मध्ये मागितलं. पुढल्या वर्षी एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं, तिथेच अडलं. मुळात ही कलमं लागू व्हायलाही उशीर झाला तो याच मेरीलँडमुळे. व्हर्जिनियाने पश्चिमेकडच्या जमिनीवरचा हक्क सोडावा म्हणून ते अडून बसलं आणि १ मार्च १७८१ ला सही झाली. यजमानांची ही बाजू टूरमध्ये कुठेच नव्हती.

शेवटचा थांबा १७८६ च्या बैठकीचा. व्यापाराचा घोळ निस्तरायला सप्टेंबरात इथे मॅनच्या टॅव्हर्नमध्ये पाच राज्यांचे बारा जण जमले. हॅमिल्टन होता, मॅडिसन होता, आणि अध्यक्षस्थानी जॉन डिकिन्सन, ज्याने दहा वर्षांपूर्वी या कलमांचा पहिला मसुदा लिहिला होता. त्यांनीच पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला जमायचं सुचवलं, आणि तिथेच आजची राज्यघटना लिहिली गेली. पोराने अभिमानाने छाती फुगवून हे सांगितलं. मी विचारलं, "मेरीलँडकडून कोण होतं?"

तो टोपी सारखी करत म्हणाला, "कोणीच नाही, सर."

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा या उत्तराचा. विटांचे फूटपाथ उंचसखल आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी न्या.