मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण: काही महिने वापरल्यानंतर

प्रशिक्षण संपलं त्याच दिवशी अभिप्राय लिहिता आला असता, पण शिकलेलं खऱ्या माणसासमोर कितपत टिकतं ते बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहिते.

हा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या दांपत्यानं सुरू केला आणि पुढे अनेक देशांत पोहोचला. निदान करायचं नाही, उपचार करायचे नाहीत. योग्य मदत मिळेपर्यंत माणसाला एकटं पडू द्यायचं नाही, एवढीच त्याची मर्यादा. आपणहून बोलणं आणि जिवाला धोका आहे का ते पाहणं, मनात न्यायनिवाडा न करता ऐकणं, धीर आणि खरी माहिती देणं, तज्ज्ञांकडे जायला मदत करणं आणि जवळच्या माणसांचा आधार मिळवून देणं, असा सगळा आराखडा आहे.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती बोलायला सुरुवात करण्याची पद्धत. "बरी आहेस ना?" असं विचारलं की "हो" म्हणून माणूस सुटका करून घेतो. त्याऐवजी जे दिसतंय तेच सांगायचं: "गेले दोन-तीन आठवडे तू कुणाशी फारसं बोलत नाहीस, झोप झालेली वाटत नाही. मला काळजी वाटतेय." एका सहकाऱ्याशी असं बोलले. तो आधी गप्प राहिला आणि मग बराच वेळ बोलला. मधे सल्ला द्यायचा नाही हे फार अवघड जातं, कारण आपल्याला उपाय सुचत असतात आणि समोरच्याला त्या घडीला ते नको असतात.

आत्महत्येबद्दल थेट विचारायचं, हा भाग मात्र या प्रशिक्षणाचा प्राण आहे. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे, हे संशोधनातून पुरेसं स्पष्ट झालंय. पण माहीत असणं वेगळं आणि तोंडातून शब्द निघणं वेगळं. आमच्याकडून "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" हा प्रश्न जोडीदारासमोर पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणवून घेतला होता. पुढे नात्यातल्या एका मुलीला तो विचारायची वेळ आली तेव्हा आवाज स्थिर राहिला तो या सरावामुळेच. ती "हो" म्हणाली. मग काही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का, हेही विचारलं. "कुणाला सांगू नकोस" म्हणाली, तेव्हा "जिवाचा प्रश्न आहे तिथे मी गप्प बसणार नाही, पण कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू" असं सांगितलं. त्याच दिवशी तिच्या आईला सांगितलं आणि मनोविकारतज्ज्ञांना गाठलं. तोवर तिला एकटं सोडलं नाही.

पॅनिक अटॅकचा भागही चांगला होता. घाबरण्याची लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि मग ओसरते, हे ठाऊक असलं की आपण स्वतः गडबडत नाही. छातीत दुखत असेल आणि आधीचा काही इतिहास माहीत नसेल तर हृदयविकार समजूनच वैद्यकीय मदत बोलवायची, हेही ठासून शिकवलं. भ्रम असलेल्या माणसाशी वाद घालू नये आणि होला होही करू नये, त्याच्या भीतीबद्दल बोलावं, एवढं लक्षात आहे. ते वापरायची वेळ आली नाही.

कमी पडतं ते नंतरच्या टप्प्यात. पुस्तिकेत "तज्ज्ञांकडे जायला प्रोत्साहन द्या" ही एक पायरी आहे. प्रत्यक्षात तिच्यात महिने जातात. आज तयार झालेला माणूस दोन दिवसांनी नाही म्हणतो. गोळ्यांची सवय लागेल, कुणी बघेल, नोकरीवर परिणाम होईल. भीती नेमकी कशाची ते विचारणं, भेटीची वेळ घेताना शेजारी बसणं, पहिल्यांदा सोबत जाणं, हे मी करत करत शिकले. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. हे न सांगितल्यामुळे बरेच जण मधेच औषध सोडतात. सोडायचं झालं तरी डॉक्टरांना विचारूनच. यावर निदान अर्धा दिवस हवा होता. ऐकणाऱ्यानं स्वतःला कसं सांभाळायचं, हेही शेवटी घाईघाईनं उरकलं.

आणखी एक सांगायला हवं. अशा प्रशिक्षणानं शिकणाऱ्यांची माहिती आणि आत्मविश्वास वाढतो, याला चांगला आधार आहे. ज्यांना मदत केली त्यांची प्रकृती त्यामुळे किती सुधारते, याचा पुरावा अजून तोकडा आहे. माझा अनुभव चांगला असला तरी तो पुरावा नव्हे.

तरीही घ्या असंच म्हणेन, विशेषतः शिक्षकांनी आणि ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी. नुसत्या व्हिडिओंचा वर्ग नको, समोरासमोर सराव करून घेणारा निवडा. सध्या स्वतःच खचलेले असाल तर आधी स्वतःसाठी मदत घ्या, प्रशिक्षण नंतरही घेता येईल. आणि जमलं तर ओळखीच्या एखाद्या माणसासोबत जा. एखादं जड संभाषण झाल्यावर, समोरच्याचं नाव न घेता, मन मोकळं करायला त्याच भाषेत समजून घेणारं कुणीतरी लागतं.