राखमानिनॉफ स्वतः वाजवतो तेव्हा : दहा सीडींच्या संचासोबत नऊ महिने

मुलगी पियानो शिकते. गेल्या वर्षी तिच्या बाईंनी तिला सी शार्प मायनर या स्वरमालेतलं प्रेल्यूड, म्हणजे पियानोची एक छोटी रचना, दिलं आणि महिनाभर घरात ते पहिले तीन भारदस्त स्वर सकाळ-संध्याकाळ वाजत राहिले. रशियन संगीतकार आणि पियानोवादक राखमानिनॉफनं हे लिहिलं १८९२ साली, एकोणिसाव्या वर्षी. ते इतकं गाजलं, की पुढे पन्नास वर्षं प्रत्येक मैफलीत श्रोते तेच मागत. लिहिणारा माणूस स्वतः कसा वाजवायचा हे तिला ऐकवावं म्हणून मी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा दहा सीडींचा संच जुन्या सीडी विकणाऱ्याकडून मागवला. एका सीडीवर चरा होता, ती बदलून मिळायला तीन आठवडे गेले. तेवढं सोडलं तर व्यवहाराबद्दल तक्रार नाही.

पहिले पंधरा दिवस मात्र मी निराश होतो. १९१९ ते १९४२ या काळातल्या रेकॉर्डी आहेत, खरखर असणारच. सुरुवातीच्या तर भोंग्यासमोर वाजवून घेतलेल्या, मायक्रोफोन आला तो १९२५ मध्ये. हेडफोनवर ऐकणं ही माझी चूक होती. साध्या स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकलं की खरखर मागे सरते आणि पियानो पुढे येतो. आवाज स्वच्छ करणारी सोय वापरून पाहिली, पण खरखरीबरोबर वरच्या सप्तकाची झळाळीही गेली. ती बंदच ठेवा. आमच्या आजोबांकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या होत्या. त्यांची ज्याला सवय आहे त्याचा कान इथेही तिसऱ्या आठवड्यात रुळतो. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीच्या ज्या तबकड्यांवर राखमानिनॉफ वाजला, त्यांच्यावरही तोच भोंग्यासमोर बसलेला कुत्रा होता, हे मला फार जवळचं वाटलं.

आता वाजवण्याबद्दल. त्याचा दुसरा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, मी कॉलेजपासून ऐकतोय, आणि तो रडवणारा म्हणूनच ओळखत होतो. त्यामागची हकिगतही तशीच आहे. १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याची पहिली सिम्फनी, म्हणजे नुसत्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, साफ कोसळली, संगीतकार-समीक्षक सेझार क्युईनं वर्तमानपत्रात तिचे वाभाडे काढले, आणि चोविशीतला हा माणूस जवळजवळ तीन वर्षं मोठं काही लिहू शकला नाही. १९०० मध्ये डॉक्टर निकोलाय डाल यांच्या उपचारांनी तो सावरला आणि हा कॉन्चेर्टो त्यानं त्यांनाच अर्पण केला. पण वाद्यवृंद-संचालक स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबरचं १९२९ चं मुद्रण ऐका. कुठेही रेंगाळणं नाही. सुरुवातीची मोठी धून व्हायोलिनं वाजवतात आणि पियानो खालून नुसता वाहत असतो. ते वाहणं तो इतक्या सरळ, पुढे ओढणाऱ्या लयीत ठेवतो, की धुनीला आपोआप उंची येते. सहा महिन्यांनी जुनी आवडती सीडी पुन्हा लावली आणि ती मला साखरेच्या पाकासारखी वाटली.

असं का होतं, याचं उत्तर त्यानंच दिलेलं आहे. लेखिका मारिएट्टा शागिन्यान यांनी आठवण लिहून ठेवली आहे, की प्रत्येक रचनेत एक कळसाचा बिंदू असतो आणि सगळं वाजवणं त्याच्याकडे मोजून न्यावं लागतं, असं तो मानायचा. तो बिंदू निसटला तर सगळी रचनाच ढासळते. आपल्याकडची सम ठरलेली असते, सगळ्यांना ठाऊक असते. हा बिंदू वाजवणाऱ्याला स्वतः शोधावा लागतो, आणि तिथपर्यंत हात राखून ठेवावा लागतो.

हे सर्वांत स्पष्ट कळतं संगीतकार शोपँच्या दुसऱ्या सोनाटात (सोनाटा म्हणजे अनेक भागांची रचना), १९३० च्या मुद्रणात. मी ते किती वेळा लावलं असेल, मोजदाद नाही. त्यातला तिसरा भाग म्हणजे अंत्ययात्रेची चाल. राखमानिनॉफ ती लांबून येत असल्यासारखी हळू आवाजात सुरू करतो आणि वाढवत नेतो. मध्ये तो शांत, अगदी साधा सुरेल तुकडा येतो. त्यानंतर चाल परत येते ती छापील प्रतीप्रमाणे हळू नव्हे, एकदम पूर्ण ताकदीनं, जणू यात्रा आपल्या दारासमोर आहे. मग ती विरत जाते, दूर जाते, संपते. आधीच्या पिढीतले रशियन पियानोवादक अंतोन रुबिनस्टाइन असंच वाजवायचे, आणि त्यांच्या मॉस्कोतल्या मैफली राखमानिनॉफनं मुलगा असताना ऐकल्या होत्या. १७ फेब्रुवारी १९४३ ला नॉक्सव्हिलमध्ये त्याची शेवटची मैफल झाली, तेव्हाही हा सोनाटा होता. २८ मार्चला बेव्हर्ली हिल्समध्ये तो गेला. हे कळल्यापासून ती सीडी मी दुसरं काम करता करता लावत नाही.

शुमानचं कार्नावाल (१९२९ चं मुद्रण) हे दुसरं रत्न. व्हायोलिनवादक क्राइस्लरबरोबरची ग्रीग, बीथोवन आणि शुबर्टची मुद्रणंही सुंदर आहेत, पण तिथे माझा कान व्हायोलिनकडेच जातो.

खटकणारी गोष्टही सांगतो. तिसऱ्या कॉन्चेर्टोत त्यानं स्वतःच काप घेतले आहेत. मुलगी नोटेशन घेऊन बसली होती, मध्येच म्हणाली, "बाबा, पानं गळली आहेत!" मला हे मनापासून लागलं. आपल्याच रचनेवर त्याचा विश्वास कमी होता. कोरेल्लीच्या धुनीवरची व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धुनीची बदलत जाणारी रूपं, वाजवताना श्रोत्यांचा खोकला वाढला की पुढचं व्हेरिएशन गाळतो, असं त्यानं संगीतकार मित्र मेट्नरला पत्रात लिहिलं होतं. म्हणून तिसरा कॉन्चेर्टो आधी दुसऱ्या कुणाचा तरी पूर्ण ऐका, मग हा. पॅगानिनीच्या धुनीवर त्यानं पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रॅप्सडीला मात्र अशी अट नाही. पहिल्या सादरीकरणानंतर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९३४ मध्ये केलेलं मुद्रण आहे ते, आणि त्यातलं ताजेपण अजून टवटवीत आहे.

१९४० चे सिम्फॉनिक डान्सेस, म्हणजे त्याची शेवटची रचना, या संचात नाहीत. वाद्यवृंद-संचालक ऑर्मंडींच्या घरी एकटा पियानोवर ते समजावून सांगताना झालेलं मुद्रण २०१८ साली वेगळं निघालं, ते आता घ्यायचं आहे.

आणि ते प्रेल्यूड? संचात तीनदा आहे : १९१९, १९२१ आणि १९२८. मुलीला १९२१ चं आवडतं, मला १९२८ चं, कारण मधल्या वादळानंतर शेवटचे स्वर तिथे विझताना ऐकू येतात. परवा तिनं वाजवताना पहिले तीन स्वर पूर्वीइतके आपटले नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "पुढे लागणार आहे ना."