वाईजवळचा फार्मस्टे: खोली बरी, भोवतालची गावं एक नंबर

सांगलीहून सकाळी सहाला निघालो, मी, बायको, दोन पोरं आणि आई. कराडात नाश्ता आणि साडेदहापर्यंत मेणवलीच्या अलीकडं त्या फार्मस्टेच्या दारात. नाव टाकत नाही कारण थोड्या शिव्या द्यायच्यात.

त्या आधी उरकतो. फोटोत खिडकीतनं नदी दिसते, प्रत्यक्षात दिसतो शेजाऱ्याचा ऊस, नदी त्या उसाच्या पलीकडं दहा मिनिटं चालत. सोलरचं पाणी जानेवारीच्या थंडीत आठशिवाय कोमट पण होत नाही आणि आमच्या आईला पाचला आंघोळ लागते, शेवटी तिथल्या मावशींनी परसातला तांब्याचा बंब पेटवून दिला म्हणून निभावलं. जादा गादीचे रोजचे तीनशे लावले, हे बुकिंगच्या वेळी कुणी बोललं नव्हतं, निघताना बिलात कळलं. मालक पुण्याला असतात, फोन उचलत नाहीत. झालं.

आता चांगलं. घर सांभाळणारे मामा-मावशी म्हणजे सोनं आहेत. ज्वारीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी, खर्डा, आणि जेवताना मामांचं ठरलेलं वाक्य, "गाडी हितंच असू द्या की दोन दिस, पायानं हिंडा, गाडीतनं काय नुसतं ढाबंच दिसत्यात." ऐकलं ते बरं केलं.

पहिल्या सकाळी बांधाबांधानं मेणवलीला गेलो. धुकं, बाजूला हळदीची रानं, आणि एकदम समोर नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्यामागं नदीवरचा अर्धचंद्रासारखा घाट. वाड्यात भिंतींवरची जुनी चित्रं अजून आहेत, नानांचं ते मेणवली दप्तर, म्हणजे त्यांची जुनी कागदपत्रं, याच वाड्यातली. पण पोरं रमली घाटावरच्या घंटेपाशी. धाकट्याला उचलून धरलं तर म्हणतो, पप्पा ही कुठली देवी, कडेवर बाळ आहे बघा. ती मेरी आणि येशू! घंटा पोर्तुगिजांची, तिच्यावर १७०७ साल आहे. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधनं ज्या घंटा आल्या त्यातली ही एक, आणि आता महादेवाच्या देवळाशेजारी टांगलीय. आईनं काही न बोलता तिलाही हात जोडले.

तिथनं धोम. ते थोडं लांब पडतं, आईला वडापनं, म्हणजे शेअर जीपनं नेलं. नरसिंहाचं देऊळ आहेच, पण बघायचा तो नंदी, कासवाच्या पाठीवर बसवलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचा हौद. धरण वरनंच बघून परत.

वाईत ढोल्या गणपतीला गर्दी असते, तरी दर्शन झाल्यावर देवळाच्या मागं जाऊन या. १७६२ ला गणपतराव रास्त्यांनी देऊळ बांधताना मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी दोन्ही अंगांनी फाटून जावं म्हणून. आम्ही सांगलीची माणसं, २०१९ ला हीच कृष्णा आमच्या घरात माळ्यापर्यंत चढली होती, त्यामुळं मी त्या भिंतीपाशी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. समोर पोरं घोट्याभर पाण्यात खेळत होती, बायको म्हणाली हिला बघून वाटतं का हो ही तीच म्हणून.

येताना साताऱ्याच्या अलीकडं हायवे सोडून लिंबला वळलो, बारा मोटेची विहीर. हे चुकवू नका. वरनं बघितली तर महादेवाची पिंड, खोली ११० फूट, आणि आत उतरायला जिना, आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल, खांबांवर कोरलेले वाघ-हत्ती. विरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतली असा शिलालेखच आहे. बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या कातडी पिशव्या, एकदम चालायच्या, त्या जिथं ओतायच्या त्या थारोळ्यांचे दगड अजून जागेवर आहेत, त्यावर बसून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. लहान पोरं असतील तर हात सोडू नका, कठडा नावाला आहे. आईचे गुडघे म्हणून ती वरच झाडाखाली बसली आणि गावातल्या एका आजींशी गप्पा मारून आमच्यापेक्षा जास्त माहिती घेऊन आली.

दोन वेळचं जेवण धरून खोली अडीच हजाराला पडली. जेवणाला पाच स्टार, खोलीला अडीच, मालकाला एक. निघताना मावशींनी किलोभर घेवडा बांधून दिला, पैसे घेईनात, म्हणाल्या रंगपंचमीला इथल्या बावधनच्या जत्रेतलं बगाड, तो बैलांनी ओढायचा लाकडी रथ, बघायला या. बुकिंग केलंय. गादी घरनं नेणार.