लाकूड की स्टील? ठरवण्याआधी सांधे बघा

गावाकडे घर, होमस्टे, छोटा हॉल असलं काही बांधायचं ठरलं की हल्ली हा प्रश्न येतोच. एकीकडे नॉर्वे-कॅनडातल्या लाकडी टॉवरचे फोटो बघून झालेले असतात आणि दुसरीकडे तालुक्याचा फॅब्रिकेटर सांगत असतो की मटेरियल आणून द्या, सांगाडा लगेच उभा करतो. मग सगळे "जास्त मजबूत काय" यावरच अडकतात. माझं म्हणणं एवढंच आहे की मजबुतीवरून ठरवू नका, सांधे कोण करणार आणि पुढची तीस वर्षं ते तपासणार कोण यावरून ठरवा.

मजबुतीचा हिशोब तसा बरोबरीत सुटतो. स्टीलचा एक घनमीटर ७८५० किलो, आणि ग्लूलॅम म्हणजे फळ्या एकावर एक चिकटवून केलेली तुळई, तिचा साधारण ४५० किलो. ताठपणा स्टीलचा साधारण १६ पट, पण वजनही १७ पट, त्यामुळे किलोमागे दोघं जवळजवळ सारखेच. फरक पडतो तो आकारात, त्याच गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या तेवढ्याच अंतराला, लाकडाची तुळई बरीच खोल लागते आणि डोक्यावरची उंची खाते, हे प्लॅन काढतानाच लक्षात घ्या.

आता दोन खऱ्या इमारती समोरासमोर ठेवू. नॉर्वेत ब्रुमुंडालला म्योसा तलावाच्या काठी २०१९ ला म्योस्टोर्नेट झाली, १८ मजले, ८५.४ मीटर, सांगाडा सगळा ग्लूलॅमचा. आणि न्यूयॉर्कचं सिटीकॉर्प सेंटर, १९७७, ५९ मजले, स्टील, कोपऱ्यात चर्च असल्यामुळे खालचे खांब कोपऱ्यांवर न घेता चारही बाजूंच्या मधोमध घेतलेले. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की दोन्ही इमारती वाऱ्याला हलक्या पडत होत्या आणि दोन्हीकडे उपाय म्हणून वर काँक्रीटच चढवलं. म्योस्टोर्नेटच्या वरच्या मजल्यांचे स्लॅब मुद्दाम काँक्रीटचे केले, सिटीकॉर्पच्या माथ्यावर ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा डोलणं मारण्यासाठी बसवला. म्हणजे लाकूड हलकं म्हणून वाईट आणि स्टील जड म्हणून चांगलं असं काही नसतं. तुमच्या कौलारू किंवा पत्र्याच्या छपरालाही हेच लागू आहे, वादळात छप्पर खाली बसत नाही, वर उचललं जातं, आणि ते धरून ठेवतो तो सांधाच.

सिटीकॉर्पमध्ये तिरक्या ब्रेसिंगचे, म्हणजे सांगाडा वाऱ्यात ताठ ठेवणाऱ्या तिरप्या दांड्यांचे सांधे वेल्डिंगचे ठरले होते, ते प्रत्यक्षात बोल्टचे केले गेले. १९७८ मध्ये डिझाईन करणारे इंजिनिअर विल्यम लेमेझुरिए यांनी कोपऱ्यावरून तिरका येणारा वारा धरून हिशोब केला तेव्हा हे सांधे कमी पडतात असं निघालं. मग रात्री-रात्री काम करून बोल्टच्या सांध्यांवर दोन इंच जाड प्लेटा वेल्ड केल्या, दिवसा ऑफिसं चालूच होती. स्टीलची माझ्या लेखी सगळ्यात मोठी बाजू हीच, चूक सापडली तर नंतरही सुधारता येते.

लाकडात हे इतकं सोपं नाही. ग्लूलॅमच्या मोठ्या सांध्यात लाकडाला बारीक खाचा पाडतात, आत स्टीलच्या प्लेटा सरकवतात आणि आरपार बोटाएवढ्या जाड पिना ठोकतात, बाहेरून फक्त पिनांची टोकं दिसतात. दिसायला सुंदर, आगीतही फायद्याचं कारण स्टील लाकडाच्या आत झाकलेलं राहतं. पण आत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही. नॉर्वेतच ट्रेटनचा ग्लूलॅमचा पूल २०१२ ला सुरू झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एक कार आणि एक ट्रक वर असताना कोसळला, चालक सुदैवाने वाचले. चौकशीत निघालं की एका तिरक्या भागाच्या सांध्यात पिनांच्या घोळक्याभोवतीचं लाकूड अख्खं तुकड्यासकट उपटून निघालं. स्टील तुटायच्या आधी सहसा वाकतं, लाकूड अशा ठिकाणी काही न सांगता एकदम जातं.

पण स्टील घेतलं म्हणजे निर्धास्त झालात असंही नाही. १९८१ ला कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात एकाखाली एक टांगलेले वॉकवे, म्हणजे ये-जा करायचे हवेतले पूल, पडून ११४ माणसं गेली, कारण काय तर एका लांब सळईऐवजी बनवायला सोपं म्हणून दोन सळया घेतल्या आणि वरच्या सांध्यातल्या नटावर लोड दुप्पट झाला. त्यामुळे फॅब्रिकेटर "साहेब, हे असं केलं तर सोपं पडेल" म्हणाला तर बदल आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सही घेऊनच करू द्या, यात भीड ठेवू नका.

आग. लाकूड म्हटलं की आपल्याला १८२८ चा शनिवारवाडा आठवतो, वरचे मजले जळून गेले आणि जोतं-तट उरले. ती भीती बारीक वाशांसाठी खरी आहे. जाड ग्लूलॅम मात्र मिनिटाला साधारण ०.७ मिमी या वेगाने कोळसा होत जातं, तासाला ४० मिमीच्या आसपास, आणि डिझाईनमध्ये तेवढी जाडी जास्तीची धरता येते. उघडं स्टील जळत नाही पण साडेपाचशे-सहाशे डिग्रीला त्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणून आगरोधक रंग किंवा बोर्डाचा खर्च स्टीलच्या कोटेशनमध्ये आहे का ते विचारा, बहुतेक वेळा नसतो.

कोकणात मात्र खरा शत्रू पाणी. स्टीलमध्ये पोकळ पाईप आतून गंजतो आणि खांबाच्या तळाची प्लेट आधी जाते, तिथे नुसता रेड ऑक्साईड मारून भागत नाही, हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर, घ्या. लाकडात वाळवी आणि भिंतीत गाडलेल्या तुळईच्या टोकांना धरणारी ओल. जुने सुतार खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, बसवायचे ते उगाच नाही, खालून ओल चढत नाही.

शिवाय आपल्याकडे माणसं कुठली मिळतात तेही बघा. सीपीडब्ल्यूडीने, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याने, १९९३ पासून आपल्या इमारतींत लाकूड बंद केलं होतं, ते २०२० ला खुलं झालं, त्यामुळे आयएस ८८३, म्हणजे लाकडी बांधकामाचं भारतीय मानक, हाताळलेले इंजिनिअर शोधावे लागतात. स्टीलच्या आयएस ८०० वर डिझाईन करणारे सगळीकडे आहेत.

म्हणून दहा-बारा मीटरच्या वरचा गाळा, हॉल किंवा गोदाम असेल तर स्टीलच, नट-बोल्टचे उघडे सांधे ठेवून, म्हणजे दर पावसाळ्यानंतर शिडी लावून बघता येतील. चार-पाच मीटरचे गाळे, भिंतीच्या बरंच बाहेर आलेली वळचण, हाताशी चांगला सुतार आणि लाकडाचा पैसा असेल तर छपराला साग खुशाल घ्या. बाहेरून ग्लूलॅम मागवून मोठा गाळा करायचा असेल तर सांध्यांचं डिझाईन दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.