अर्जातून यादीत: एक्सेलचा मॅक्रो कितपत भरवशाचा?

वाचनालयाचा सभासद अर्ज एका शीटवर, सभासदांची मुख्य यादी दुसऱ्या शीटवर, आणि मधे ‘नोंद करा’ असं एक बटण. एवढ्या कामासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे ठरलेल्या कृती आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, पुरतो. मात्र रेकॉर्डरने (आपण केलेल्या कृती टिपून त्यांचा कोड बनवणाऱ्या सोयीने) बनलेला मॅक्रो जसाच्या तसा वापरायला देऊ नये.

रेकॉर्डर सेलचे पत्ते पक्के धरतो. रेकॉर्ड करताना सातव्या ओळीत पेस्ट केलं असेल, तर पुढची प्रत्येक नोंद सातव्याच ओळीवर चढते आणि आधीची पुसली जाते. डेव्हलपर टॅबमधलं ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू ठेवलं की हे टळतं, पण कंट्रोल आणि खालचा बाण वापरून शेवट गाठला असेल तर दुसरी अडचण येते. यादीत फक्त शीर्षकाची ओळ असताना कर्सर थेट १०,४८,५७६व्या ओळीवर जातो, त्याखाली जागाच नसल्याने त्रुटी १००४ येते. म्हणून शेवटची ओळ नेहमी तळातून वर शोधावी: कोडमध्ये Rows.Count (शीटची अगदी शेवटची ओळ), मग एंड एक्सएलअप, म्हणजे End(xlUp) (तिथून वर भरलेल्या सेलपर्यंत), अधिक एक. ओळीचा आकडा लाँग या मोठ्या संख्यांच्या प्रकारात ठेवावा, कारण इंटिजर हा लहान प्रकार ३२,७६७ला थांबतो.

हा शोध कोणत्या स्तंभात घ्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. ई-मेलसारखा ऐच्छिक स्तंभ धरला आणि एका सभासदाने तो रिकामा सोडला, की पुढची नोंद त्याच्याच ओळीवर बसते. सभासद क्रमांकाचा स्तंभ धरा, आणि नवा क्रमांक ओळी मोजून नव्हे, तर आधीच्या सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवून काढा. मधली ओळ काढून टाकली तरी क्रमांक दुबार होत नाहीत.

सर्वांत घातक चूक फिल्टरची. यादीवर फिल्टर लागलेला असताना एंड एक्सएलअप लपलेल्या ओळी वगळून दिसणाऱ्या शेवटच्या ओळीवर थांबतो, आणि नवी नोंद लपलेल्या सभासदावर लिहिली जाते. कसलीही सूचना येत नाही. शिवाय मॅक्रो चालल्यावर कंट्रोल-झेड उपयोगी पडत नाही. तेव्हा फिल्टर काढण्याची ओळ मॅक्रोच्या सुरुवातीलाच हवी.

अर्ज शीटऐवजी यूजरफॉर्मवर, म्हणजे मॅक्रोने उघडणाऱ्या वेगळ्या खिडकीत असेल, आणि तिच्या चौकटीतली तारीख मजकूर म्हणून सेलमध्ये टाकली, तर व्हीबीए (मॅक्रो जिच्यात लिहिले जातात ती भाषा) ती अमेरिकी पद्धतीने वाचतं: ०५/०३/२०२५ ही ५ मार्च न राहता ३ मे होते. सीडेट (CDate) या मजकुराची तारीख करणाऱ्या फंक्शनमधून नेली की संगणकाच्या सेटिंगप्रमाणे, म्हणजे आपल्याकडच्या दिवस-महिना क्रमाने वाचली जाते. शेवटी अर्ज रिकामा करताना मर्ज केलेल्या (एकत्र जोडलेल्या) सेलवर क्लिअर काँटेंट्स ही मजकूर पुसण्याची आज्ञा अडते. अर्जात सेल मर्ज न करणंच उत्तम.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी खरी उणीव निराळी आहे. व्हीबीएचा एडिटर युनिकोड, म्हणजे सर्व लिप्या सामावणारी अक्षरपद्धत, वापरत नाही. त्यात देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हं उमटतात, मेसेज बॉक्समध्येही तेच. इतकी वर्षं लोटूनही हे सुधारलेलं नाही, याची खंत वाटते. उपाय आहे: ‘सभासद यादी’ हे शीटचं नाव कोडमध्ये न लिहिता त्या शीटचं कोडनेम (एडिटरमध्ये दिसणारं तिचं इंग्रजी अंतर्गत नाव) वापरायचं, आणि सूचनांचा मराठी मजकूर एखाद्या सेलमध्ये ठेवून मॅक्रोने अर्जाशेजारच्या सेलमध्ये दाखवायचा.

फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करावी, एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाही. मेलने आलेल्या फाइलचा मॅक्रो अडवला गेला, तर ती खात्रीच्या माणसाकडूनच आली आहे हे पाहून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी.

एका संगणकावर एकच माणूस नोंदी करत असेल तर एक्सेलच घ्या. दोघे-तिघे वेगवेगळ्या ठिकाणांहून भरणार असतील तर गूगल शीट्स बरं: ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, तर गूगल शीट्समध्ये मॅक्रोचं काम करणाऱ्या अ‍ॅप्स स्क्रिप्टला देवनागरीचं वावडं नाही. तिथे अपेंड-रो ही यादीच्या शेवटी ओळ जोडणारी आज्ञा वापरताना यादीतली सूत्रं आधीच हजार ओळींपर्यंत ओढून ठेवू नका, नाहीतर नवी नोंद त्या सगळ्या ओळींच्या खाली जाऊन पडते.